मॉरिशसच्या चौदा पोरी

तारामतीचा विश्वास कुणावर सहजी बसत नसे, आणि बसलाच तर उकिडवा बसे, केव्हाही उठून चालू लागेल असा.

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींच्या एका वसतिगृहाची ती मावशी होती. कागदोपत्री हुद्दा रेक्टरचा, पण पोरी तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागं सीआयडी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेल्या दीडशे पोरी आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी ही एकटी. जीवशास्त्राच्या जाड गाईडची पानं आतून कापून त्यात बसवलेला मोबाईल तिनं नुसत्या वजनावरून ओळखला होता. "आत्याचं लग्न हाय" म्हणून सुट्टी मागणाऱ्या पोरीला ती विचारायची, "मागल्या साली पन आत्याचंच होतं की. किती लग्नं करून राहिली तुजी आत्या?" एकदा एक गृहस्थ वडलांच्या सहीची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला. मी हिचा सख्खा काका, म्हणाला. पोरगीही मान हलवून हो म्हणाली. तारामतीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीच्या आजीचं नाव काय म्हणलाव?" काकाच्या घशात पाणी अडकलं. पोरीचे खरे वडील येईपर्यंत तिनं त्याला ऑफिसात कुलूप लावून बसवून ठेवलं. तेव्हापासून पोरीला सोडायला येणारे आईबाप संस्थेची पाटी वाचत नसत, तारामतीचं तोंड बघून ट्रंक उतरवत.

हा स्वभाव तिला माहेराहून मिळाला नव्हता. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात तिचा बाप शेती करायचा. पाव्हण्यानं सांगितलेली गोष्ट खरी धरायची, अशी त्या घराची रीत. सतराव्या वर्षी तिला बघायला ज्ञानोबा आला तेव्हा त्याच्या अंगात रेल्वेचा निळा शर्ट होता. नांदेडला रेल्वेत परमनंट आहे, असं मध्यस्थ म्हणाला. शर्टाला बिल्ला होता, बिल्ल्यावर नंबर होता. बाप खूश झाला. लग्नानंतर आठव्या दिवशी नांदेडच्या खोलीवर एक अनोळखी माणूस आला आणि दारातूनच म्हणाला, "वैनी, शर्ट द्या माजा, उद्या ड्युटी हाय."

ज्ञानोबा स्टेशनाबाहेर ऑटोवाल्यांना सवाऱ्या बोलावून द्यायचा. माणूस मवाळ होता, कधी अंगावर हात टाकला नाही. पण तारामती त्याच्याशी अकरा वर्षं नांदली ती प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी विचारून. तो काविळीनं गेल्यावर ती लातूरला आली. आधी वसतिगृहाच्या स्वैपाकघरात, मग हळूहळू किल्ल्यांच्या जुडग्यापर्यंत. एकोणीस वर्षं झाली त्याला.

त्या साली दिवाळीची सुट्टी लागली, पोरी गावोगाव पांगल्या आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव गाडीतून उतरले. सोबत एक भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर व्यंकटराव हातात फुटबॉल घेऊन हसत होते.

"मावशी, तुमच्या होस्टेलचं नशीब उघडलं. आपल्या लातुरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा! महिला फुटबॉल. निमंत्रितांची."

"निमंत्रितांची म्हंजे?"

"म्हंजे आपण बोलवायचं, त्यांनी यायचं. नेपाळचा एक क्लब, श्रीलंकेचा एक, मॉरिशसचा एक आन् चौथा आपला मराठवाड्याचा संघ. पोरी तुमच्याकडं उतरतील."

"एवढ्या लांबून लातूरला कशापायी येऊन राहिल्यात त्या?"

व्यंकटराव हसले. "तुमचं आपलं असंच. प्रत्येक गोष्टीत कशापायी!"

उत्तर मात्र दिलं नाही, हे तारामतीनं मनात टिपून ठेवलं.

रविवारी दुपारी हैदराबादच्या विमानतळावरून एक मोठी बस आली. आधी नेपाळच्या पोरी उतरल्या, मग श्रीलंकेच्या. बॅगांना विमानाच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. परदेशी माणूस उतरला की त्याची माहिती पोलिसांना कळवावी लागते, असं ऑफिसातल्या कारकुनानं तिला आधीच समजावलं होतं. तिनं एकेक पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, पोरीचं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला. नेपाळच्या संघाची कोच कोपिला नावाची तिशीतली बाई होती. ती शांतपणे उभी राहून हा सोहळा बघत होती. शेवटचा पासपोर्ट झाल्यावर म्हणाली, "दीदी, एअरपोर्ट पे भी इतना नहीं देखा किसीने."

मॉरिशसचा संघ संध्याकाळी आला. बस नव्हती, दोन क्रूझर जीपा होत्या, आणि दोन्हींच्या नंबराची सुरुवात एमएच सव्वीसनं होत होती. एमएच सव्वीस म्हणजे नांदेड. तारामती पायरीवर उभी राहून तो नंबर पुन्हा वाचत होती, तोवर पुढच्या जीपमधून कोच उतरला. सडसडीत, चाळिशीच्या आतला, डोक्याला टोपी. त्यानं आपलं नाव संगमेश्वर सांगितलं.

"तुमी मॉरिशसचे?"

"मी इथला. त्यांच्या सोयीसाठी नेमलंय मला. नांदेडच्या विमानतळावर उतरल्या त्या, तिथून घेऊन आलो."

"आन् पासपोर्ट?"

"साहेबांकडं जमा आहेत. सगळे."

मागून चौदा पोरी उतरल्या. निळ्या-लाल नव्या जर्सी, पाठीवर शाळेची दप्तरं. विमानाची चिठ्ठी एकीच्याही सामानाला नव्हती. तारामतीला बघताच चौदाही जणी एका रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या दोघींचे हात नमस्काराला वर येता येता थांबले. बहुतेकींच्या केसांना तेल चोपडलेलं होतं.

तिनं त्याच संध्याकाळी व्यंकटरावांना फोन लावला. "साहेब, पासपोर्ट बघायचेत मला. ह्या पोरी आपल्यासारख्याच दिसून राहिल्यात."

"अहो दिसणारच! दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी आपलीच माणसं गेलेली हायत तिकडं. मॉरिशसमध्ये मराठी लोक हायत, मराठी सण करतात. जरा वाचत जा. पासपोर्टाचं मी बघतो."

तिनं दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासच्या मास्तरला विचारून घेतलं. खरंच होतं ते. मॉरिशसमध्ये मराठी लोक होते. तारामती आणखीच अस्वस्थ झाली. धडधडीत खोट्यापेक्षा निम्मं खरं असलेलं उत्तर तिला जास्त सलायचं.

स्वैपाकघरात साखराबाई होती, तिच्यासोबत बारा वर्षं भाकरी थापणारी. दोघींची कुजबुज सुरू झाली.

"त्या सिरीलंकेच्या पोरींना भात लागतो," साखराबाई म्हणाली. "नेपाळच्यांना पन भातच. आन् ह्या मॉरिशसच्या, माय, ज्वारीची भाकर अशी चुरून खाऊन राहिल्यात जशी काय पिढीजात. वर ठेचा मागितला न्हाई, पन वाटीकडं बघत होत्या."

"मागितला कसा न्हाई?"

"बोलतच न्हाईत की कुनी. बोटानं दाखवतात."

तेच तर. जेवायच्या आधी चौदा जणींनी हात जोडून डोळे मिटले, ओठ हलले, आवाज आला नाही. जेवल्यावर प्रत्येकीनं आपापलं ताट घासून, पालथं घालून ठेवलं. निवासी शाळेत वाढलेल्या पोरीलाच अशी सवय असते. आणि नावं! संगमेश्वर यादी घेऊन हाका मारायचा, "प्रिसिला! स्टेफनी!" तर कुणी वळायचंच नाही. मग शेजारची कोपरानं ढोसायची तेव्हा ती पोरगी दचकून पुढं व्हायची. आपल्या नावाला माणूस दचकत नाही, तारामतीनं साखराबाईला सांगितलं.

तिला भलत्याच शंका येऊ लागल्या. कुठून आणल्यात ह्या? कुणाच्या आहेत? घरच्यांना माहीत आहे का? रोज पेपरात काय काय छापून येतं. तिनं आपली खाट त्यांच्या खोल्यांच्या जिन्याखाली आणून टाकली आणि फाटकाच्या दोन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या.

सामने सुरू झाले. पहिल्या दिवशी ती मैदानावर गेली ती पोरींवर नजर ठेवायला. फुटबॉलमधलं तिला काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं की ह्या चौदा पोरी पळताना वेगळ्या दिसत होत्या. वसतिगृहात मान खाली घालून चालणाऱ्या पोरी तिथं जमीन आपल्या मालकीची असल्यासारख्या धावल्या. पहिल्या दिवशी मराठवाड्याच्या संघाला हरवलं, दुसऱ्या दिवशी श्रीलंकेला. गोलात उभी राहणारी 'प्रिसिला' सगळ्यांत लहानखुरी, पण चेंडू आला की मांजरीसारखी उडायची. लोक आरडत होते, "मॉरिशस! मॉरिशस!" तारामती तेवढी कडेला उभी राहून पोरी मोजत होती. तिसऱ्या दिवशी नेपाळशी सामना, आणि त्यानंतर पहिल्या दोघांत अंतिम, उरलेल्या दोघांत तिसऱ्या जागेचा सामना, असं ठरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात गेली. प्रिसिला हौदापाशी जर्सी धूत होती. नळाचं पाणी एकदम गेलं. पोरीनं नळाला चापट मारली आणि आपल्याशीच म्हणाली, "काऊन गेलं व?"

तारामतीचे पाय जागीच थांबले. 'का'ला 'काऊन' लातुरात कुणी म्हणत नाही. नांदेड शहरातही नाही. तिच्या एका चुलतबहिणीला किनवटला दिलं होतं. जंगलाच्या त्या बाजूला, यवतमाळच्या शिवेला, लोक असं बोलतात.

ती पोरीजवळ जाऊन उकिडवी बसली. "किनवट का माहूर?"

पोरीच्या हातातून जर्सी पाण्यात पडली. पळावं की नाही याचा तिनं विचार केला असावा, कारण एक पाय मागं सरकला. मग तिचे डोळे भरून आले.

"किनवट," ती म्हणाली.

"नाव काय तुजं? खरं."

"जंगूबाई. जंगूबाई सोनेराव आत्राम."

"कितवीला?"

"बारावीले. आश्रमशाळेत." आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "सरानं सांगितलं बोलायचं न्हाई. कोनी इंग्लिशमध्ये इचारलं तर हसायचं. मराठीत इचारलं तर बी हसायचं. आम्ही चोरी न्हाई केली मावशी, आम्ही खेळतोच चांगल्या."

"घरी काय सांगितलं?"

"शिबिर हाय म्हनून सांगितलं. नांदेडले."

तारामतीला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या: आपण बरोबर निघालो याचं समाधान, आणि ह्या पोरी कुठं आहेत हे घरी कुणालाच माहीत नाही याची धास्ती. ती उठली आणि तडक संगमेश्वरच्या खोलीवर गेली. दार वाजवलं नाही.

"सर, पोरी किनवटच्या हायत. तुमीबी तिकडचेच. आता मला सगळं सांगा, आन् मॉरिशसातल्या मराठी माणसांपासून सुरू करू नका."

संगमेश्वर कॉटवर बसला. टोपी काढली. तो आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक होता. सहा वर्षं ह्या पोरींना कापलेल्या शेतात, काट्याकुट्यात खेळवत होता. ह्या स्पर्धेची जाहिरात आली तेव्हा त्यानं व्यंकटरावांना चार वेळा भेटून विनवलं होतं, आमच्या पोरींचा संघ घ्या. व्यंकटराव म्हणाले, किनवटच्या पोरी बघायला कोण येतं? मग स्पर्धेला दहा दिवस राहिले असताना मॉरिशसच्या क्लबनं येत नाही म्हणून कळवलं. फ्लेक्स लागले होते, प्रमुख पाहुणे ठरले होते. व्यंकटरावांनी स्वतः फोन केला. तुमच्या पोरी आणा, म्हणाले, नाव तेवढं त्यांचं लावू.

"मी हो म्हणलो," संगमेश्वर म्हणाला. "मावशी, ह्यांना हिरव्या मैदानावर, बूट घालून, खऱ्या संघाविरुद्ध एकदा तरी खेळताना बघायचं होतं मला. एवढाच लोभ."

"आन् उद्या ह्यातल्या एकीला काही झालं, तर तिच्या बापाला काय सांगणार? मॉरिशसला फोन लावणार?"

त्यानं हात जोडले. "आजची मॅच होऊ द्या. आज संध्याकाळी मी सगळ्यांच्या घरी कळवतो. शपथ."

तारामतीनं आयुष्यात कुणाला मुदत दिली नव्हती. पण खाली अंगणात चौदा जणी बुटांच्या नाड्या बांधत होत्या, आणि जंगू तिच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत."

याचा तिला पुढं कितीतरी दिवस पश्चात्ताप होत राहिला.

सामना संपायला दहा मिनिटं उरली असताना नेपाळच्या एका उंच पोरीनं चेंडू मारला. जंगू उडाली, चेंडू बाहेर गेला, पण ती खांबावर आदळून डाव्या हातावर पडली. मनगट नको त्या बाजूला वळलं. त्या गोंगाटात तिची किंकाळी ऐकू आली ती "आयोऽऽ" अशी. संगमेश्वर आणि तारामती तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. मागोमाग व्यंकटरावांची गाडी आली.

खिडकीतल्या बाईनं पेन उघडलं. "पेशंटचं नाव?"

संगमेश्वरनं व्यंकटरावांकडं बघितलं. व्यंकटराव पुढं झाले. "प्रिसिला. मॉरिशसची खेळाडू हाय. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची पाहुणी. जरा लवकर बघा."

"परदेशी हाय? मग पासपोर्ट लागंल. रक्ताचा गट? कशाची ॲलर्जी? घरचं कोण हाय सोबत?"

व्यंकटरावांनी खिसे चाचपले, जणू पासपोर्ट तिथंच असायचा. बाकावर जंगू हात छातीशी धरून थरथरत होती. तिच्या तोंडातून आता गोंडीतलं काहीतरी येत होतं, बहुतेक आईला हाक असावी.

तारामतीनं व्यंकटरावांना कोपरानं बाजूला केलं. एकोणीस वर्षांत तिनं त्यांच्याकडं मान वर करून क्वचितच बघितलं होतं.

"लिहा बाई. जंगूबाई सोनेराव आत्राम. वय सतरा. तालुका किनवट, जिल्हा नांदेड. बापाचा फोन ह्या सरांकडं हाय, आत्ता लावून देतील. तोवर पालक म्हणून माजं नाव लिहा."

"मावशी!" व्यंकटराव दात चावून म्हणाले. "तुम्हाला कळतंय का काय करून राहिलाव ते? एकोणीस वर्षं झाली नोकरीला."

"म्हणूनच करून राहिले. बेशुद्धीचं इंजेक्शन देताना खोट्या नावावर देऊ का? पोरीचं काही कमीजास्त झालं तर कुणाच्या दारात जाऊ?"

बाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि तारामतीनं सांगितलं ते लिहिलं.

हात बसवला, प्लास्टर झालं. संगमेश्वरनं दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच एकेका घरी फोन लावले. तारामती शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द ऐकत होती. कुठं 'शिबिर' आलं की त्याच्या पाठीत बोट खुपसायची.

सोनेराव आत्राम दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. किनवटहून रेल्वेनं नांदेड, नांदेडहून एसटीनं लातूर. काटक, पिकल्या मिशांचा माणूस. आधी तो पोरीजवळ गेला, प्लास्टरवरून हात फिरवला. मग तारामतीकडं वळला. त्याची नजर तिनं लगेच ओळखली. आरशात रोज बघत होती ती.

"तुमी कोन?"

"मी इथली मावशी."

"माजी पोरगी नांदेडले शिबिरात व्हती. तुमच्याकडं कशी आली? सर म्हने कागदावर तुमचं नाव हाय पालक म्हनून. काऊन? कोनी सांगितलं लिहाले?"

साखराबाई मधे पडायला लागली, "अहो, त्यांच्यामुळंच तर," पण तारामतीनं तिला थांबवलं. आत जाऊन आपलं आधार कार्ड आणलं, वसतिगृहाचं हजेरी बुक आणलं, दवाखान्याचे कागद आणले आणि सगळं त्याच्यासमोर ठेवलं. "विचारा. जे विचारायचं ते विचारा. पोरीला बाजूला नेऊन तिला विचारा, मग दोन्ही जुळतंय का बघा."

त्यानं खरंच तसं केलं. अर्धा तास लागला. परत आला तेव्हा त्यानं आधार कार्ड दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं आणि पाणी मागितलं. तारामतीला ह्या माणसाबद्दल एवढा आदर वाटला की तिनं स्वतः चहा टाकला.

मग सोनेरावला, संगमेश्वरला आणि नेपाळच्या कोपिलाला घेऊन ती व्यंकटरावांच्या ऑफिसात गेली. कोपिलाला सगळं सांगावं लागेल म्हणून तिनं वाटेत सुरुवात केली, तर ती म्हणाली, "दीदी, हमको पहले दिन से पता है। मैदान में एक दूसरे को चिल्लाती थीं, सब अपनी बोली में। मॉरिशस में ऐसे कौन बोलता है?"

"आन् तुमी गप्प बसलाव?"

"अच्छा खेलती हैं। बोल देते तो घर भेज देते उनको। फिर हम खेलते किसके साथ?"

ऑफिसात व्यंकटरावांनी आधी आवाज चढवला, मग उतरवला, मग चहा मागवला. त्यांचा बेत तयार होता: मॉरिशसचा संघ तातडीच्या कारणानं मायदेशी परतला, असं जाहीर करायचं आणि चौदा पोरींना पहाटे जीपमध्ये घालून रवाना करायचं. गुणांत तिसऱ्या असलेल्या श्रीलंकेला अंतिम सामन्यात घ्यायचं. झालं.

"न्हाई झालं," तारामती म्हणाली. "गुपचूप नेलेल्या पोरी परत गुपचूप न्यायच्या न्हाईत. मी फाटक उघडणार न्हाई."

कोपिलानं तोडगा काढला. श्रीलंका अंतिम सामन्यात गेली तर मराठवाड्याच्या संघाला खेळायला कुणीच उरत नव्हतं. अंतिम सामन्याच्या आधी त्यांचा आणि ह्या पोरींचा एक मैत्रीचा सामना ठेवा. त्यांच्या खऱ्या नावानं. नाहीतर आमचा संघ उद्या मैदानात उतरणार नाही.

व्यंकटरावांनी पेपरवेट फिरवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. ते इतक्या गोडपणे "चालेल की!" म्हणाले की तारामतीला तिथंच संशय आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तेरा पोरी मैदानात आल्या. निळ्या-लाल जर्सी काढून घेतल्या होत्या. त्यांच्या अंगावर शाळेचे पांढरे टीशर्ट होते, काहींचे विटलेले. नावांची यादी तारामतीनं आपल्या हातानं, ठळक अक्षरांत लिहून माईकवाल्याला दिली होती आणि शेजारी उभी राहिली होती. आत्राम, मेश्राम, कुमरे, टेकाम, राठोड. दोन दिवसांपूर्वीपर्यंत "मॉरिशस" ओरडणारे लोक आधी बुचकळ्यात पडले. कुणीतरी शिटी मारली, कुणी "फसवलं" म्हणून ओरडलं, बरीच माणसं उठून गेली. गोलात दुसरीच पोरगी उभी होती. तिला सवय नव्हती. दोन गोल खाल्ले, एक केला. त्या हरल्या.

जंगू सीमारेषेबाहेर बापाशेजारी बसली होती. सगळा वेळ प्लास्टरचा हात हलवून ओरडत होती, "पुढं ये! काऊन उभी हायेस, पुढं ये!" कुणी तिला गप्प बस म्हणालं नाही. सोनेराव फुटबॉल पहिल्यांदाच बघत होता. शेवटी त्यानं तारामतीला विचारलं, "ही गोलात असती तर?"

"जिंकल्या असत्या," तारामती म्हणाली. ह्या एका गोष्टीबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

गोडपणाचा उलगडा बक्षीस समारंभात झाला. व्यंकटराव माईकवर म्हणाले, दुर्गम भागातल्या आदिवासी कन्यांना आंतरराष्ट्रीय व्यासपीठ मिळवून देणं हे आपलं फार दिवसांचं स्वप्न होतं. टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला, त्यात व्यंकटराव मधोमध आणि पोरी कडेला. मॉरिशसबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. साखराबाई चिडली, पेपर चुलीत घालायला निघाली. तारामतीनं तो काढून घेतला. फोटोखाली बारीक अक्षरात तेरा नावं होती, आणि शेवटी, प्रत्यक्ष न खेळलेल्या गोलरक्षकाचंही. तिनं ती सगळी यादीशी ताडून बघितली. एक आडनाव चुकलं होतं. तिनं पेपरच्या ऑफिसात फोन करून ते दुरुस्त करायला सांगितलं.

तिची नोकरी गेली नाही. व्यंकटराव त्यानंतर तिच्याशी फार अदबीनं वागू लागले, आणि ती त्यांनी पुढं केलेला प्रत्येक कागद आता तीनदा वाचू लागली.

पोरींना परत न्यायला जीपा आल्या तेव्हा तिनं त्या परत पाठवल्या. सोनेरावासकट सगळ्यांना घेऊन एसटीनं नांदेडला गेली, स्टेशनावर किनवटची गाडी येईपर्यंत बाकावर बसली. संगमेश्वर दोन हात अंतर ठेवून बसला होता. शाळेत त्याची चौकशी लागली होती. तिला त्याचा राग होता आणि पोरी त्याला सोडत नव्हत्या, हेही ती बघत होती.

"पुढल्या साली तालुक्याच्या नावानं संघ उतरवतो," तो म्हणाला. "रीतसर. अर्ज करून."

"अर्ज मला आधी दाखवा," तारामती म्हणाली.

गाडी आली. पोरी चढल्या, खिडक्यांतून हात बाहेर आले. जंगूनं चांगला हात हलवला. गाडी हलल्यावर तारामती लातूरच्या एसटीत बसली, आणि अहमदपूरच्या पुढं असताना सोनेरावचा फोन आला.

"पोचलो बाई."

"पोरगी कुठं हाय?"

"ही काय, बाजूले."

"द्या बरं तिला."

फोन पोरीकडं गेला. "मावशी, पोचलो आम्ही. समद्या."

"समद्या म्हंजे किती?"

"चौदा."

"मोज."

पलीकडून मोठ्यानं मोजल्याचा आवाज येऊ लागला, एक, दोन, तीन, आणि मधेच हसणं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तारामती फोन कानाशी घट्ट धरून चौदापर्यंत ऐकत राहिली.